जोगळेकर मास्तरांचं कोयनेल

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो शिंकांनी. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मिरचीचा व्यापार होता. हिवाळा लागला की नंदुरबारच्या वेशीबाहेर लाल मिरच्या वाळत पडायच्या आणि वारा फिरला की सगळं गाव खोकायला लागायचं. आम्हाला वाऱ्याची गरज नव्हती. मिरचीची पोती आमच्या ओसरीवरच मुक्कामाला असायची. आबा उठले की ओळीने शिंका द्यायचे, मग माय चुलीपाशी शिंकायची, मग मी. फुई तेवढी शिंकत नसे. फुई म्हणजे आबांची थोरली बहीण, आमच्याकडे आत्याला फुईच म्हणतात. नवरा वारल्यावर ती भावाच्या घरी आली आणि आल्या दिवसापासून घराची मालकीण झाली. मिरचीचीसुद्धा तिच्या नाकात शिरायची छाती होत नसावी. सकाळी तिच्या पितळी तांब्याचा आवाज, मायच्या हाताखाली थापल्या जाणाऱ्या दादर ज्वारीच्या भाकरीचा आवाज आणि या शिंका एवढं ऐकू आलं की मी अंथरूण सोडायची. आजही कुठे फोडणीत मिरची जळली आणि सून खिडक्या उघडायला धावली की मी तिला थांबवते. म्हणते, राहू दे गं, जरा घरी असल्यासारखं वाटतं.

मी शाळेत कशी गेले हे विचाराल तर तेही या मिरचीमुळेच. आबांचे डोळे सदा पाझरत. वर्तमानपत्र समोर धरलं की दोन ओळींत अक्षरं पुसट व्हायची. घरात वाचून दाखवणारं कुणीतरी हवं होतं आणि मुलगा तर नव्हता. म्हणून मला मराठी शाळेत घातलं. तिथे मी बरी निघाले म्हणून पुढे हायस्कुलात. त्या काळी आमच्या गावात पोरी हायस्कुलात जाऊन बसतात म्हणजे लोकांना करमणूकच होती. आम्ही होतो मोजक्याच, आणि आमचा बाक भिंतीला चिकटून, खिडकीजवळ. कुणी हसलं तर आम्ही खिडकीबाहेर बघायचो. बाहेर एक कडुनिंब होता, त्याच्याकडे इतकं बघितलं आहे मी की त्याच्या फांद्या अजून काढून दाखवीन.

इंग्रजी चौथीत, म्हणजे आताच्या आठवीत, आम्हाला जोगळेकर मास्तर आले. कोकणातले, सडसडीत, काळा कोट आणि बगलेत छत्री, मग ऊन असो की पाऊस. लग्न केलेलं नव्हतं. एका खोलीत राहायचे आणि हाताने भात शिजवून खायचे. भाकरी त्यांच्या गळ्याखाली उतरत नसे, त्यावरून पोरं त्यांची फार टिंगल करायची. आमचं बोलणंही त्यांना सुरुवातीला कळत नसे. पोरं घाबरली की अहिराणीत शिरायची आणि मास्तर मान तिरकी करून ऐकत बसायचे. दुसरे मास्तर असते तर छडी काढली असती. हे म्हणायचे, “सावकाश सांग. मलाही शिकू दे.” असं बोलणारा मास्तर आम्ही पाहिला नव्हता. आधी वाटलं, या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही.

त्यांचं एक वेड होतं, ते म्हणजे पोरांची तब्येत. वर्गात कुणी जांभई दिली की धडा थांबायचा. “सकाळी काय खाल्लंस?” खेड्यावरून चालत येणारी पोरं काहीच बोलायची नाहीत, कारण काही खाल्लेलंच नसायचं. मास्तरांनी एका मोठ्या पातेल्यात हरभरे भिजत घालायला सुरुवात केली. सकाळची कवायत झाली की मूठभर हरभरे आणि गुळाचा खडा, सगळ्यांना, शेठच्या पोरालाही आणि डोंगरातल्या पावरा आदिवासीच्या पोरालाही. एकाच पातेल्यातून द्यायचे म्हणून गावात कुरकुर झाली, पण हरभरे बंद झाले नाहीत. वर्गात अंधार पडतो म्हणून त्यांनी खिडक्यांची मोडकी दारंच काढून टाकली. ज्याला फळा दिसत नाही त्याला पुढे आणला. नखं बघायचे, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघायचे. म्हणायचे, पोट रिकामं आणि अंग दुखतंय अशा पोरापुढे मी कितीही ओरडलो तरी आत काही जाणार नाही. आज शाळाशाळांतून तज्ज्ञ येतात आणि हेच मोठ्या मोठ्या शब्दांत सांगतात. मी मागच्या रांगेत बसून ऐकते आणि मनात म्हणते, आमच्याकडे हे केव्हाच होऊन गेलं, भिजल्या हरभऱ्यांसकट.

पण वेड म्हटलं की ते कुठेतरी वाहवत जातंच. आल्याआल्या पहिल्याच पावसाळ्यात मास्तर हौसेने तोरणमाळचा डोंगर चढून गेले होते आणि येताना हिवताप घेऊन आले होते. दुपारी तीन घोंगड्यांखाली दात वाजवत पडलेला तो माणूस जगला वाचला तो कोयनेलवर, म्हणजे क्विनाइनवर. तेव्हापासून त्यांना खानदेशातल्या प्रत्येक माणसाच्या अंगात हिवताप दिसायला लागला. पोस्टात कोयनेलच्या पुड्या मिळायच्या त्या ते घेऊन ठेवत. कुणी पेंगलं, कुणी फिकट दिसलं, कुणी गणित चुकलं तरी यांचा हात खिशाकडे जायचा.

आता माझ्याकडे येते. आणि इथे मी आडपडदा ठेवणार नाही, ऐंशी वर्षांच्या बाईला कसली लाज. त्याच वर्षी मला पाळी सुरू झाली. हल्ली टीव्हीवर सगळ्या घरादारापुढे निळं पाणी ओतून दाखवतात आणि नात माझी वरण-भात खात बघत असते. आमच्या वेळी त्याला शब्दसुद्धा नव्हता. बाई ‘बाजूला बसली’ एवढंच. आमच्या घरात बाजूला म्हणजे मागच्या अंगणातली पडवी. तिथे एक पोतं, एक घोंगडी, एक जर्मनची थाळी. माय वरून भाकरी टाकायची, ती झेलायची. लोणच्याच्या बरणीवर सावली पडू द्यायची नाही, वाळत घातलेल्या बिबड्यांच्या पापडांकडे फिरकायचं नाही, आणि पुस्तकाला बोट लावायचं नाही, कारण ती सरस्वती. फुई आतबाहेर करताना नजर ठेवून असायची. मायची आणि माझी गोष्ट सारखीच होती, पण मायला तिथे विश्रांती तरी मिळायची. मला मात्र शाळा डोळ्यांपुढे दिसायची. आज तिथे काय शिकवलं असेल, बाक माझ्याविना कसा दिसत असेल, हेच डोक्यात. पडवीच्या भिंतीचा चुना पडून एक मोठा डाग झाला होता. त्यालाच युरोपचा नकाशा समजून मी उजळणी करायची.

शाळेत काय सांगायचं हा प्रश्न आबांनी सोडवला. बाजाराला जाताना ते शाळेच्या फाटकाशी थांबायचे आणि म्हणायचे, “पोरीला ताप आहे.” ताप म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही, असा त्यांचा हिशेब. बिचाऱ्यांना जोगळेकर मास्तर ठाऊक नव्हते.

पहिल्या महिन्यात मास्तरांनी मला पुढे बोलावून पापण्या ओढून पाहिल्या. दुसऱ्या महिन्यात कपाळाला आठी घातली. तिसऱ्यांदा मी परतले तेव्हा ते वाटच बघत होते. “यमुना, हा साधा ताप नव्हे. हा ठरल्या वेळी येतो, काही दिवस राहतो आणि आपोआप उतरतो. पक्का हिवताप. तुझ्या रक्तात मुरलाय.” मी खाली मान घालून उभी. त्यांनी पुडी उघडली, पेल्यात पाणी घेतलं आणि मी गिळेपर्यंत समोर उभे राहिले. मग रोज हेच. कोयनेल कडू असतं हे सांगायला नको, पण त्याचा कडूपणा जिभेवर थांबत नाही. कानांत रातकिडे किरकिरायला लागले. मास्तर फळ्याशी बोलताहेत आणि मला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसताहेत. डोकं गरगरायचं. शेवभाजीचा वास आला तरी पोटात ढवळायचं, आणि शेवभाजी म्हणजे माझा जीव होता. मी वाळायला लागले. मास्तरांना वाटलं हिवताप बळावतोय, म्हणून त्यांनी मात्रा वाढवली. मला त्या माणसाचा राग यायचा आणि त्याच वेळी रडूही यायचं, कारण माझ्यासाठी कुणी इतक्या काळजीनं खिशात हात घातलेला नव्हता.

घरी फुईने माझा अवतार बघून वेगळाच निकाल लावला. “शाळानी पोरले खाई टाकं,” ती आबांना म्हणाली. “घर बसाड तिले.” दोंडाईच्याहून एक स्थळ विचारून गेलं होतं. फुईच्या मते मुलगा चांगला, दुकान चांगलं, आणि पोरीला घरात वर्षभर तूप-भात घालून सुधरवून घेतली की पुढच्या लग्नसराईत उरकून टाकता येईल. आबा फुईपुढे कधी मोठ्याने बोलले नाहीत. ते शिंकले आणि बघू म्हणाले. कोयनेलचं मी फक्त मायला सांगितलं होतं. भाकरी थापताना तिचा हात थांबला होता, ते मी पाहिलं.

आणि नेमकं तेव्हाच जोगळेकर मास्तर आमच्या घरी आले. वार्षिक परीक्षा दोन-तीन महिन्यांवर आली होती. मी पुन्हा पडवीत होते. ओसरीवर मिरचीच्या पोत्यांमध्ये त्यांना पाट मांडला, त्यांनी रुमालात दोनदा शिंकून घेतलं आणि बोलायला सुरुवात केली. पडवीतून मला सगळं ऐकू येत होतं. म्हणाले, “तुमची मुलगी हुशार आहे. म्हणूनच सांगायला आलो. तिच्या प्रकृतीला हे झेपत नाही. यंदा परीक्षेला बसवू नका. एक वर्ष घरी विश्रांती द्या, पोटभर खाऊ घाला, ताप गेला की पुढच्या वर्षी याच इयत्तेत घेतो. तब्येत आधी, परीक्षा नंतर.” हे ते इतक्या मायेने सांगत होते की माझ्या तोंडचं पाणी पळालं. एक वर्ष घरी म्हणजे काय ते त्या कोकणातल्या ब्रह्मचाऱ्याला काय ठाऊक? एक वर्ष घरी म्हणजे दोंडाईचा. दाराआडून फुईचा आवाज आला, “मास्तर बराबर सांगी ऱ्हायनात.” फुई आणि मास्तर एका मताचे झाले म्हटल्यावर माझं आता कोण होतं? मी गुडघ्यांत डोकं घालून बसले.

“पण आहे कुठे ती? नाडी बघून जातो,” असं म्हणत मास्तर उठले. आबा नको नको म्हणेपर्यंत ते बोळातून मागच्या अंगणात आलेसुद्धा. मला पोत्यावर बसलेली पाहून त्यांचा चेहरा उतरला. आजारी पोरीला असं जमिनीवर ठेवतात, हे काय घर आहे, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ते भराभर पुढे आले, वाकले. फुई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, “मास्तर, हात नका लावू.” पण हात लागला होता. आधी कपाळाला, मग मनगटाला. मास्तर तसेच वाकून राहिले. मग हळूच म्हणाले, “ताप नाही. अजिबात नाही. मग ही इथे का?”

आबा आभाळाकडे बघत होते. फुई कपाळावर हात मारत होती, “आरे देवा, बामनले विटाळ व्हयी गया, मन्हा घरमा.” आणि मग स्वयंपाकघराच्या अंधारातून मायचा आवाज आला. माझी माय परक्या पुरुषापुढे कधी बोललेली नव्हती. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला होता, चेहरा दिसत नव्हता, हात पिठाने भरलेले होते. पण आवाज स्वच्छ होता.

“मास्तर, पोरले ताप नही शे. कधी नव्हताच. ती बाजूले बसेल शे. दर महिनाले बसस. ताप आम्ही सांगतस, दुसरं सांगाले तोंड नही म्हनीसन. ती वाळनी ती तुमना औषधमुये. तुमना पाया पडस, पोरनी शाळा बंद नका करू.”

मी आयुष्यात बरीच भाषणं ऐकली, काही स्वतःही ठोकली. या मोजक्या वाक्यांच्या जवळ जाणारं एकही नाही. तिला लिहिता येत नव्हतं, घड्याळ कळत नव्हतं. माझ्या शाळेत काय चालतं याची तिला कल्पना नव्हती. पण तिला एवढं कळलं होतं की आता आपण गप्प राहिलो तर पोरीचं संपलं. माये, तुझे उपकार कुठे फेडू गं मी.

मास्तर कानांपर्यंत लाल झाले. उभे राहिले, कोट सारखा केला, छत्री शोधायला लागले. छत्री ओसरीवर होती. “माझं चुकलं,” ते म्हणाले, कुणाकडे न बघता. “मी विचारायला हवं होतं. नुसतं औषध देत बसलो.” पुढेही काही बोलणार होते, पण फुईला त्यांच्या बोलण्यात रस नव्हता. ती आडावरून भरलेली घागर घेऊन आली होती. “पहिले आंघोय. मंग बोलनं,” ती म्हणाली. मास्तर म्हणाले, बाई, मी हे काही मानत नाही. फुई म्हणाली, तुम्ही मानू नका, मी मानते आणि घर माझं आहे. आणि त्या माणसाने काय करावं? कोट काढून घडी करून आबांच्या हातात दिला, चष्मा काढून कठड्यावर ठेवला आणि आडापाशी दगडावर उकिडवे बसले. फुईने लांबून, सावली पडणार नाही अशा बेताने, घागर त्यांच्या डोक्यावर रिती केली. मग दुसरी. मी पडवीत तोंडात परकराचा बोळा कोंबून बसले होते. हसत होते की रडत होते ते मलाच सांगता येणार नाही.

आबांचं कोरडं धोतर नेसून मास्तर पुन्हा ओसरीवर बसले आणि तिथे खरी वाटाघाट झाली. त्यांनी फुईशी वाद घातला नाही. हे जुनं आहे, हे टाकून द्या, असला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी दुसऱ्याच दिवशी दोंडाईच्याच्या वाटेला लागले असते. त्यांनी एवढंच विचारलं, “फुईबाई, या दिवसांत पुस्तकाला हात लावायचा नाही, हे कळलं. पण ऐकलेलं चालतं का?”

फुईने विचार केला. “पोथी आयकाले चालस नही.”

“पोथी नाही. भूगोल.”

“त्यामा देव शे का?”

“नाही. नद्या, डोंगर, शहरं.”

“देव नही ना? मंग आयकू दे.”

आबांनी तिथल्या तिथे बोलून टाकलं, बहुधा फुई मन बदलायच्या आत. यंदाच्या परीक्षेत पोरगी पास झाली तर शाळा पुढे चालू, नापास झाली तर दोंडाईचा. फुईला ते पटलं. नापास होणार याची तिला खात्री होती.

त्या संध्याकाळपासून जोगळेकर मास्तर आमच्या मागच्या अंगणात येऊ लागले. त्या महिन्याचे माझे उरलेले दिवस, आणि नंतर पुढच्या महिन्यांतही. आडाच्या कठड्यावर बसायचे, माझ्याकडे पाठ करून, आणि भिंतीपलीकडच्या बोळालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचायचे. भूगोल, इतिहास, इंग्रजीचे धडे. मी पडवीतून उत्तरं द्यायची, तीही मोठ्याने. बोळातली माणसं जाता जाता थांबायची. भूमिती आली तेव्हा अडलं. त्रिकोण ऐकून कळत नाही. मास्तरांनी काठीने अंगणातल्या मातीत त्रिकोण काढला आणि फुईकडे पाहिलं. फुई म्हणाली, “मातीले काय व्हस? मंग सारवी टाकसूत.” तेव्हा मी पडवीतल्या मातीत निंबाच्या काडीने त्रिकोण, वर्तुळं, लंब काढायला लागले आणि पाचव्या दिवशी माय शेणाने सगळी भूमिती सारवून टाकायची. कोयनेल अर्थातच बंद झालं. कानांतले रातकिडे गेले, शेवभाजी पुन्हा गोड लागायला लागली. शाळेतही मास्तरांनी मागच्या बाजूला तट्ट्याचा आडोसा करून पोरींसाठी एक जागा केली, पाण्याचा माठ आणि चटई ठेवली आणि शिपायाच्या बायकोला तिथे बसायला सांगितलं. कशासाठी, हे कुणाला सांगितलं नाही. आम्हा पोरींना सांगायची गरज नव्हती.

राखण म्हणून फुई धड्याच्या वेळी अंगणात बसायची. तांदूळ निवडता निवडता ऐकायची. आधी नाक मुरडून. मग एक दिवस तिने विचारलं, ही डॅन्यूब नदी आपल्या तापीपेक्षा मोठी आहे का? मास्तर म्हणाले, बरीच मोठी. फुईला ते आवडलं नाही. “देखीसन कोनी उनं का?” ती म्हणाली. मास्तर हसले आणि म्हणाले, मी तरी नाही पाहिली. त्यावर फुई समाधानाने तांदळाकडे वळली. पण दुसऱ्या दिवशी मी एका राजधानीपाशी अडखळले तेव्हा सुपामागून हळूच उत्तर आलं. मास्तरांनी मागे वळून पाहिलं नाही. “शाबास,” एवढंच म्हणाले, जणू मीच उत्तर दिलं होतं.

परीक्षेचे दिवस आले. मायने आणि मी बोटांवर मोजून ठेवलं होतं, सगळं नीट पार पडेल असं वाटत होतं. पण अंग काही मोजून चालत नाही. गणिताच्या पेपरच्या सकाळीच मला कळलं. मी चुलीपाशी मायच्या कानात सांगितलं. मायचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणाली, बोलू नको, गुपचूप जा. एवढ्यात दारात फुई उभी. “लपाडू नका,” ती म्हणाली. “मले दिसनं.”

गणिताचा पेपर गेला म्हणजे परीक्षा गेली, आणि परीक्षा गेली म्हणजे सगळंच. मी रडलेसुद्धा नाही. पडवीकडे वळले. फुईने मला अडवलं. ती बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभी राहिली. मग म्हणाली, “परीक्षाना कागद म्हनजे पोथी शे का? त्यामा देव शे का?” मी नाही म्हटलं. “मंग चाल.”

आणि नंदुरबारच्या बाजारातून आमची वरात निघाली. पुढे फुई, हातात काठी, “बाजू व्हा, बाजू व्हा” म्हणत वाट मोकळी करतेय, आणि मागे दोन हात अंतर ठेवून मी. कुणाला माझा स्पर्श होऊ नये म्हणून तिची ही खटपट. लोकांना वाटलं असेल कुणी मोठी असामी चाललीय. शाळेच्या फाटकात तिने जोगळेकर मास्तरांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मास्तरांनी व्हरांड्यात, निंबाच्या बाजूला, माझं एकटीचं टेबल लावलं. प्रश्नपत्रिका वरून सोडली, मी झेलली. पेपर संपेपर्यंत फुई निंबाखाली बसून होती, पाणी प्यायलासुद्धा उठली नाही. वेळ संपल्यावर मास्तर उत्तरपत्रिका घ्यायला आले आणि फुईच्या देखत त्यांनी ती सरळ हातात घेतली. फुईने डोळे वटारले. “घरी जाऊन आंघोळ करतो,” मास्तर गंभीरपणे म्हणाले. फुईने मान डोलावली.

मी पास झाले, हे आत्ताच सांगून टाकते, उगीच ताणण्यात अर्थ नाही. पुढे मॅट्रिक झाले, धुळ्याला जाऊन मास्तरीण झाले आणि सगळा जन्म पोरींना शिकवण्यात घालवला. माझ्या वर्गात कुठलीही पोर लागोपाठ काही दिवस दिसली नाही की मी घरी जाऊन चौकशी करायची, आणि कधी कुणाला न विचारता औषध दिलं नाही. जोगळेकर मास्तर मी शाळेत असतानाच बदली होऊन कोकणाकडे गेले. निरोपाला माय त्यांच्या पाया पडली तेव्हा ते इतके गोंधळले की छत्री आमच्याकडेच विसरले. मास्तर, माय आणि फुई, या तिघांचं ऋण माझ्यावर आहे, आणि ते फिटावं असं मला वाटतही नाही.

पण सांगायचं आहे ते त्या पेपरच्या दुपारचं. ऊन फार होतं. बाजार पाखडून ठेवल्यासारखा रिकामा होता, त्यामुळे “बाजू व्हा” म्हणायची गरज नव्हती. तरी फुई पुढे आणि मी मागे असेच चाललो होतो. पेपर कसा गेला हे तिने विचारलं नाही. मला वाटलं रागावली आहे. वाण्याच्या बंद दुकानापाशी सावली होती, तिथे ती थांबली आणि माझ्याकडे न वळता बोलली.

“यमू, मले बी दर महिनाले बाजूले बसाडेत. पन पोर चार दिन कोठे गयी, आसं ईचारनारं कोनी नव्हतं.”

मला तिचा हात धरावासा वाटला. पण त्या दिवशी तशी सोय नव्हती. दोन हात अंतर ठेवून आम्ही घरापर्यंत चालत गेलो.